आबिड्सच्या परिसरात अस्सल मराठी जेवण : कुठे शोधायचे आणि नेमके काय शोधायचे

हैदराबादला नव्याने आलेली मराठी कुटुंबे मंडळात नाव नोंदवायला येतात, तेव्हा मुलांची शाळा, घरभाडे आणि पाण्याची चौकशी झाली की एक प्रश्न हमखास येतो : इथे अस्सल मराठी जेवण कुठे मिळते? बहुतेकांची तोवर आबिड्सला एक चक्कर झालेली असते. ग्रँड हॉटेलात बिर्याणी आणि इराणी चहा, ताजमहाल हॉटेलात इडली-डोसा, पुढे मोजमजाही मार्केटात आइस्क्रीम असे सगळे छान झालेले असते. पण वरण-भात-लिंबू, भाकरी आणि पालेभाजी असे ताट कुठल्याच पाटीवर दिसलेले नसते. फार तर एखाद्या मेन्यूत 'व्हेज कोल्हापुरी' सापडते.

या 'व्हेज कोल्हापुरी'पासूनच सुरुवात करू. हा पदार्थ कोल्हापूरच्या घरी कुणी रांधत नाही; तो हॉटेलांचा आहे. पाटीवरचे गावाचे नाव आणि त्या गावातले जेवण यांचा संबंध असेलच असे नाही. चायनीज हॉटेलांच्या यादीत 'मंगोलियन' नावाचे पदार्थ असतात. त्यांतला जगभर गाजलेला मंगोलियन बार्बेक्यू १९५१ साली तैवानमध्ये, तैपेई शहरात निघाला. खुद्द मंगोलियात रोजचे जेवण म्हणजे मेंढीचे मांस, दूधदुभते आणि 'बूझ' म्हणून मांस भरून वाफवलेल्या पाऱ्या. परदेशातल्या मोठ्या शहरात राहणाऱ्या मंगोल माणसाला 'मंगोलियन' पाटी पाहून जे वाटत असेल, तेच आपल्याला 'व्हेज कोल्हापुरी' पाहून वाटते. तेव्हा पाट्या शोधत फिरण्याऐवजी आपण नेमके काय शोधतो आहोत हे आधी ठरवावे. हैदराबादमध्ये तर ते ठरवणे जास्तच गरजेचे आहे, कारण इथले जुने मराठी जेवण आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांच्या डोक्यातले मराठी जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथला मराठी माणूस कुठून आला

आबिड्स हे नाव अल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थावरून पडले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाकरीत असलेल्या या गृहस्थाचे इथे दुकान होते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर जांबाग, गौलीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी आणि इसामिया बाजार हा जुना मराठी टापू आहे. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था जांबागेतच आहे. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी होती. कचेरीची नोकरी, कोर्टाचे काम, कॉलेजचे शिक्षण यांसाठी मराठवाड्यातली माणसे इथे येत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य विभागले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इथे घरे करून राहिलेली कुटुंबे एका दिवसात परराज्यातली झाली.

जेवणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हैदराबादचे जुने मराठी स्वयंपाकघर मराठवाड्याचे आहे, पुण्याचे नव्हे आणि मुंबईचे तर मुळीच नव्हे. वडापाव मुंबईत १९६०च्या दशकात रुजला. इथल्या आज्यांनी तो कधी केला नाही, कारण त्यांच्या माहेरी तो नव्हताच. त्या करत ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगोळे, धपाटे, वरणफळे, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि तोंडी लावायला लसूण-मिरचीचा भुरका. मांसाहारी घरांत काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा आणि भाकरी. (अस्सल मराठी म्हटले की साबुदाणा आणि पुरणपोळी एवढेच दाखवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात मराठी समाजातली निम्मीअधिक घरे बसत नाहीत, हेही सांगून टाकतो.)

आता आपल्याच मुलांना विचारून पाहा. मराठी पदार्थ सांगा म्हटले की वडापाव, मिसळ, पावभाजी. शेंगोळे म्हणजे काय हे चौथ्या पिढीतल्या बऱ्याच मुलांना माहीत नाही. तेलुगू पदार्थांनी आपले पदार्थ गिळले अशी भीती ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवतात. मला ती भीती कमी वाटते. आपल्या आजीचे पदार्थ मागे पडले ते दूरचित्रवाणीवरच्या आणि मोबाइलवरच्या 'महाराष्ट्रीयन' पदार्थांमुळे. तेलुगू शेजाराने उलट ते सांभाळायला मदतच केली आहे. कशी ते पुढे येईल.

भाकरी आणि जोन्न रोट्टे

तेलंगणात ज्वारीला जोन्नलु म्हणतात आणि भाकरीला जोन्न रोट्टे. संध्याकाळी वस्त्यांच्या तोंडाशी बायका चूल किंवा गॅस मांडून रोट्टे थापत बसलेल्या दिसतात. आपण ते 'त्यांचे' म्हणून बाजूने जातो. पीठ तेच आहे, हाताने थापणे तेच आहे, वरून पाणी फिरवणेही तेच. फरक जाडीत आणि भाजण्यात पडतो. पातळ थापून कोरडी होईपर्यंत भाजलेली रोट्टे कडक होते आणि टिकते. आपली भाकरी जरा जाड असते, निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगवून मऊ असतानाच खायची असते. थापणाऱ्या बाईंना 'मेत्तगा' म्हणजे मऊ हवी असे सांगितले, तर बहुतेक वेळा हवी तशी मिळते. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांनी आणि हात दुखतात म्हणून थापणे सोडलेल्या आजी-आजोबांनी हा मार्ग जरूर वापरावा. मराठी खानावळ शोधत शहरभर फिरण्यापेक्षा कोपऱ्यावरची ताजी रोट्टे आणि घरची आमटी हे जास्त अस्सल आहे.

घरी थापायची असेल तर अडचण येते ती पिठाची. 'माझी भाकरी इथे आल्यापासून तुटते, पाणीच वेगळे आहे' असे नव्या सुना म्हणतात. पाण्याचा दोष नसतो. गव्हात चिकटपणा देणारे जे ग्लुटेन असते ते ज्वारीत नसते. ज्वारीचे पीठ धरून राहते ते कढत पाण्याने त्यातला स्टार्च फुलतो म्हणून आणि पीठ ताजे असते म्हणून. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळले तरी कडा फाटतात. दुकानातल्या पाकिटावर दळल्याची तारीख महिन्याभरापूर्वीची असेल, तर ते पीठ धिरड्याला वापरावे, भाकरीला नको.

दुसरी गोष्ट वाणाची. आपल्याला सवय असते ती सोलापूर, बीड, उस्मानाबादकडच्या रब्बी शाळूची, विशेषतः मालदांडीची : टपोरी, पांढरी, गोडसर. तेलंगणात पिवळी ज्वारीही पुष्कळ पिकते. तिला पच्च जोन्नलु म्हणतात. चवीला ती चांगली असते, पण भाकरी पिवळट आणि किंचित खरखरीत होते. नुसते 'जोन्नलु' म्हटले तर काय पुढे येईल सांगता येत नाही, म्हणून 'तेल्ल जोन्नलु', पांढरी ज्वारी, असे मागावे. सोलापूरकडून येणारा कुणी असला तर पाच किलो शाळू आणि शेंगादाण्याची चटणी एवढे सांगायला संकोचू नये. कडक भाकरीची पाकिटेही प्रवासात छान राहतात.

अंबाडी मागा, अंबाडीच मिळेल

भाजीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मराठवाड्याची सगळ्यात लाडकी आंबट पालेभाजी म्हणजे अंबाडी, आणि तेलुगू माणसाचा जीव ज्या गोंगुऱ्यावर आहे ती हीच. तेलंगणात तिला पुंटिकूर म्हणतात. एवढेच नाही, हैदराबादी उर्दूत तिचे नाव 'अंबाडा' आहे. जुन्या शहरातल्या मुसलमान घरांत अंबाडे की भाजी आणि अंबाडा गोश्त होते. त्यामुळे भाजीच्या बंडीवर तेलुगू न येता 'अंबाडा' म्हटले तरी काम होते. लाल देठाची जास्त आंबट, हिरव्या देठाची सौम्य. पुण्याकडून आलेल्यांनी आधी हिरव्या देठाची घ्यावी.

आता तिचे पुढे काय होते यात त्या त्या घराचे घरपण आहे. आंध्रात तिची पचडी होते, तिखट आणि तेलकट, गरम भातात कालवायची. तेलंगणात ती तुरीच्या डाळीत शिजते. मराठवाड्यात पाने उकडून, जास्तीचे आंबट पाणी पिळून टाकून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर घोटतात आणि वाढताना वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत तेलाची फोडणी घालतात. कण्या नसतील तर तांदूळ चालतो, पण कण्यांनी येणारा दाटपणा वेगळा. गिरणीवाल्याला ज्वारी भरडून मागितली की कण्या मिळतात. एक पेंडी अंबाडी, मूठभर डाळ आणि अर्धी मूठ कण्या एवढ्यात चार माणसांची भाजी होते.

चुकाही असाच. तेलुगूत चुक्ककूर, हैदराबादीत चुका. बडी चावडीच्या भाजीबाजारात तोंडली (दोंडकाय), गवार (गोरुचिक्कुडु), दोडका (बीरकाय), पडवळ (पोट्लकाय) हे सारे ओळखीचे आहे. भरल्या वांग्यासाठी लहान, जांभळी वांगी इथे जितकी चांगली मिळतात तितकी मुंबईत मिळत नाहीत, असे आमच्याकडे येणारे पाहुणेच म्हणतात. त्याचे कारणही स्वयंपाकातच आहे : बघारे बैंगन. त्याच्या मसाल्यात काय असते पाहा. तीळ, शेंगदाणे, सुके खोबरे आणि चिंच. आपल्या भरल्या वांग्यात काय असते? तेच, वर गूळ आणि काळा मसाला. कुणी कुणाकडून घेतले या वादात मी पडत नाही. एकाच राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी माणसे दोनशेहून अधिक वर्षे एकमेकांच्या शेजारी रांधत होती, हे पुरे आहे. नवी सून हैदराबादी शेजारणीकडे बघारे बैंगन जेवून आली आणि 'आईची आठवण झाली' म्हणाली, तर त्यात नवल नाही.

मसाला : इथे तडजोड करू नये

बाकी ठिकाणी मी शेजाराची बाजू घेतली, पण मसाल्याच्या बाबतीत घेणार नाही. सांबार मसाला घालून आमटी होत नाही, आणि पाकिटातला 'महाराष्ट्रीयन मसाला' म्हणजे पुष्कळदा धने-मिरचीच असते.

दोन वेगळ्या गोष्टी आधी ओळखाव्या. पुण्याकडचा गोडा मसाला : धने, तीळ, खोबरे, दालचिनी, लवंग, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर, मिरची नाहीच किंवा नावापुरती. मराठवाड्याचा काळा मसाला : त्याच घराण्यातला, पण मिरची भरपूर आणि खोबरे, धने जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजलेले. तिसरा प्रकार येसर, जो मराठवाड्याबाहेर फारसा ठाऊक नाही. बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ आणि उडीद डाळ हे वेगवेगळे खमंग भाजून, त्यात भाजलेले धने, जिरे, मिरची आणि गरम मसाले घालून दळायचे. आयत्या वेळी पाण्यात कालवून फोडणीला टाकले की दहा-पंधरा मिनिटांत दाट आमटी तयार. लग्नघरात शंभर माणसे वाढली तरी येसराच्या जोरावर आमटी वाढवता येई. महिनोन्महिने टिकणारे, डाळ न शिजवता होणारे हे पीठ आज दोघेही नोकरी करणाऱ्या घराला जितके उपयोगी आहे तितके पूर्वीही नव्हते. नेमके हेच आपण विसरत चाललो आहोत.

सामान बेगम बाजारात मिळते. आबिड्सहून मोजमजाही मार्केट ओलांडून पुढे गेले की हा घाऊक बाजार लागतो. दगडफुलाची काळजी नको. हैदराबादी निहारीच्या पोटलीतही ते जाते, 'पत्थर का फूल' म्हटले की लगेच देतात. नागकेशर मात्र दोन-तीन दुकानांत विचारावे लागते आणि नाकाला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वास गेलेले नागकेशर म्हणजे नुसत्या काड्या. कारळे वेर्रिनुव्वुलु नावाने, जवस अविसे गिंजलु नावाने. सुके खोबरे वाटीचेच घ्यावे, किसलेले घेऊ नये, त्याला खवट वास लवकर येतो. दळायला नेताना गिरणी मसाल्याची आहे ना ते पाहावे.

आमसुलावरून बरेच जण हळहळतात. कोकणातून आलेल्यांचे मी समजू शकतो; त्यांनी सुट्टीत वर्षभराची आमसुले आणावी हे उत्तम. मासे खाणाऱ्यांनी सुरमईला वंजरम आणि पापलेटला चंदुवा म्हणावे; बेगम बाजारच्या मासळी बाजारात दोन्ही मिळतात. पण मराठवाड्याच्या आमटीत मुळात चिंचच होती. हैदराबादी खट्टी दाल आणि आपली चिंचेची आमटी यांत गुळाचा खडा आणि मसाल्याचा चमचा एवढाच फरक आहे. तेव्हा आमसूल नाही म्हणून आमटी मराठी होत नाही, असे इथे तरी कुणी म्हणू नये.

सणाचे पदार्थ

होळी आली की पुरणपोळी कुठून आणायची हा प्रश्न येतो. मिठाईच्या दुकानांत बोब्बट्लु मिळतात. तेलंगणात त्यांनाच बक्ष्यालु किंवा पोलेलु म्हणतात. पुरण हरभऱ्याच्या डाळीचे आणि गुळाचेच असते. पण आवरण बहुधा मैद्याचे आणि पोळी हाताने तेलावर थापलेली. आपली कणकेची, पिठीवर लाटलेली, आत जायफळ. पहिली गार झाली तरी लवचिक राहते, दुसरी तुपाबरोबर गरम हवी. बोब्बट्लु आणून 'पुरणपोळी' म्हणून नैवेद्य दाखवला तर देव रागावणार नाही. पण कटाची आमटी विकत मिळत नाही, आणि मला विचाराल तर पुरणाच्या स्वयंपाकात खरी गंमत तिचीच आहे. म्हणून पोळ्या विकत आणल्या तरी वाटीभर डाळ घरी शिजवून तिच्या पाण्याची आमटी करावी.

अनारशांना इकडे अरिसेलु भेटतात, पण अरिसेलु गुळाच्या पाकात पीठ घालून करतात आणि त्यांना तीळ लावतात. आपले पीठ गुळात मळून चार दिवस मुरवायचे आणि खसखशीवर थापायचे. करंजीला गरिजेलु. थालीपिठाच्या जवळची म्हणजे तेलंगणाची सर्वपिंडी : तांदळाचे पीठ, शेंगदाणे, भिजवलेली डाळ, भांड्यात थापून मधे भोके पाडलेली. भाजणीचा डबा संपला असेल त्या दिवशी मुलांना ती द्यावी, दोन्ही आवडतात.

उपवासाला एक सूचना. इथे साबुदाणा, सग्गुबिय्यम, मुख्यतः खिरीसाठी घेतात, त्यामुळे बारीक दाणा पुढे करतात. खिचडीला मोठा मागावा. वरीच्या जवळची धान्ये सामलु आणि ऊदलु ही भरडधान्यांच्या दुकानांत मिळतात. मधुमेहाच्या निमित्ताने ती आता सगळीकडेच झाली आहेत.

आपल्या कार्यक्रमांविषयी थोडे

अनेक मराठी मंडळांच्या, आपल्याही, कार्यक्रमांत जेवणाचे कंत्राट बाहेर जाते आणि ताटात पनीरची भाजी, पुलाव आणि गुलाबजाम येतात. तीनशे माणसांची भाकरी कोण थापणार, हा प्रश्न खरा आहे आणि ज्यांनी पूर्वी ते केले त्यांचे हात आता थकले आहेत. पण येसराची आमटी, अंबाडीची भाजी किंवा सुशीला हे पदार्थ मोठ्या प्रमाणात करायला अवघड नाहीत. तेलुगू आचाऱ्यालाही अंबाडी आणि फोडणी सांगावी लागत नाही. फक्त पाणी पिळायचे आणि कण्या घालायच्या एवढे सांगावे लागते. प्रत्येक कार्यक्रमात असा एक पदार्थ ठेवला आणि ताटाशेजारी त्याचे नाव लिहिलेले असले, तर मुले निदान विचारतील तरी.

आणि प्रमाणे लिहून घ्यायला हवीत. घरातल्या ज्येष्ठ बाईंना 'काळ्या मसाल्याचे प्रमाण सांगा' म्हटले की त्या 'अंदाजाने' म्हणतात. त्यांच्या अंदाजाला वजनकाटा लावायचा असेल तर त्या मसाला करत असताना शेजारी बसावे लागते : मूठ घातली की ती आधी काट्यावर ठेवायची, मग कढईत. एका दुपारचे काम आहे. मिरची कोणती हेही लिहावे, कारण इथली गुंटूर मिरची तिखट जास्त आणि रंग वेगळा; नांदेड-परभणीकडच्या प्रमाणात ती तशीच घातली तर मसाला खाता येत नाही. आमच्या घरी ती निम्मी घालून उरलेली ब्याडगी घालतात.

दळणाची शेवटची गोष्ट. इथल्या गिरण्यांत तांदूळ आणि मिरची जास्त दळतात. ज्वारी त्यावर दळली तर पहिले अर्धा-एक किलो पीठ भाकरीच्या कामाचे नसते. शक्य तो सकाळी लवकर जावे, आधी ज्वारी कुणी दळली आहे का विचारावे आणि ज्वारीवर ज्वारी दळून घ्यावी. शेजारच्या दोन-तीन मराठी घरांनी मिळून एकाच दिवशी दळण नेले, तर गिरणीवालाही खुशीने दगड साफ करून देतो.